बाबांच्या हनुवटीसाठी दोन वस्तरे

४ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. बोललेलं विरतं, लिहिलेलं उरतं. (वाक्य चांगलं आहे. सत्कारात वापरायचं.)

२४ तारखेला बाबांचा सत्कार. त्यांच्याकडे गाणं शिकलेले जुने विद्यार्थी करताहेत. मुख्य भाषण माझं. साहजिकच.

अडचण एकच, बाबांची दाढी. जन्मभर वस्तऱ्यानं केली. हल्ली हात थरथरतो. मागच्या महिन्यात वस्तरा बेसिनमध्ये पडला, टोक तुटलं, तेव्हापासून दाढी वाढतेय. सलूनमध्ये जात नाहीत. प्लास्टिकच्या रेझरला खेळणं म्हणतात. आणि आज जाहीर केलं की वर्गात मी कधी दाढी न करता पाय ठेवला नाही. विद्यार्थ्यांसमोर असा जाणार नाही. सत्कार गेला खड्ड्यात.

मी उभा राहिलो. म्हणालो, जुना, अस्सल पोलादाचा वस्तरा आणतो आणि तुमची दाढी मी स्वतः करतो. बाबा म्हणाले, चालेल, पण हातात वस्तरा असेपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस.

किरकोळ अट. मान्य केली. शिवाय प्रतिज्ञा केली की वस्तरा तयार होईपर्यंत मीही दाढीला हात लावणार नाही. हिनं विचारलं, याचा काय उपयोग? त्यागाला उपयोग विचारायचा नसतो.

९ मार्च, शनिवार
जुन्या बाजारात गेलो. दोन वस्तरे मिळाले. एकाची मूठ शिंगाची, दुसऱ्याची पिवळट. दोन्हींवर गंज आणि कुणाकुणाच्या दाढ्यांचा साबण. दुकानदाराला वापरा-आणि-फेका संस्कृतीवर थोडं ऐकवलं. त्यानं पिशवी फुकट दिली आणि शटर ओढलं.

१० मार्च, रविवार
जुना वस्तरा कसा साफ करावा, सगळं वाचून काढलं. जेवताना घरच्यांसमोर मांडलं. अनोळखी माणसाचा वस्तरा म्हणजे अनोळखी माणसाचं रक्त! रबरी हातमोजे घाला. धारेवर चिकटपट्टी लावा. कोमट पाणी, साबण, जुना टूथब्रश. मूठ जिथे पात्याला जोडलेली असते त्या फटीत सगळ्यात जास्त घाण. गंज काढताना हात पाठीकडून धारेकडे, उलट कधीही नाही. मग पट्टी काढून फक्त पातं सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवा. कोरडं करा, तेलाचा थेंब, आणि जाणकाराकडून धार. उकळायचं नाही, मूठ बिघडते. ब्लीच लावायचं नाही, ते पोलाद खातं.

टाळ्या अपेक्षित नव्हत्या. तरी मुलगी म्हणाली, बाबा, वरण गार झालं.

१२ मार्च, मंगळवार
शिंगाचा वस्तरा धुतला. ब्रश, मोजे, सगळं शिस्तीत. गंज गेला. पातं चमकलं. बाबा दारात उभे राहून बघत होते. चेहऱ्यावर विश्वास नाही. म्हणाले, कुणाचा होता कोण जाणे.

रात्रभर विचार केला. स्पिरिटमध्ये पातं बुडवलं तर दिसतं काय? काहीच नाही. जनमत असं तयार होत नाही. लोकांना वाफ दिसली पाहिजे.

१३ मार्च, बुधवार
उकळला. बाबांना खास स्टुलावर बसवून, त्यांच्यासमोर. पुस्तकातली सूचना सामान्य माणसासाठी असते, हे मी त्यांना समजावत होतो. समजावणं जरा लांबलं.

घरभर नखं जळल्यासारखा वास. मूठ केळ्यासारखी वाकली आणि तिचे पापुद्रे सुटले. वस्तरा आता मिटत नाही. हिनं फक्त एवढंच विचारलं की दुधाचं पातेलंच कशाला घेतलं. स्त्रियांना प्रयोगाची व्यापकता कळत नाही.

बाबा म्हणाले, वाफ छान होती.

१६ मार्च, शनिवार
खचलो नाही. दुसरा वस्तरा मुळातच सरस आहे. पहिला म्हणजे सराव.

माझी दाढी पांढरी येतेय. अनपेक्षित. ही म्हणते, पुरे आता. प्रतिज्ञा म्हणजे प्रतिज्ञा.

१९ मार्च, मंगळवार
पिवळा वस्तरा धुऊन तयार. स्पिरिटची बाटली उघडली, तर रिकामी. चौकशी केली. मीच संपवली होती. घरी भाषणाच्या सरावाचा माइक मी रोज त्यानं पुसतो. घसा हे माझं हत्यार. त्याला जंतुसंसर्ग परवडत नाही.

औषधाचं दुकान कोपऱ्यावर आहे. पण बूट घालावे लागतात. बाथरूममध्ये ब्लीच होतं. पोलाद खातं, हे मीच सांगितलं होतं. पण दोन मिनिटांत किती खाणार? ग्लासात ब्लीच-पाणी, त्यात पातं, ग्लास गॅलरीत.

तेवढ्यात बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी. ओला-सुका कचरा वेगळा ठेवत जा, म्हणाले. कचरा! माझ्यासमोर हा विषय काढला! त्यांना जिन्यातच थांबवून फेकून देण्याच्या वृत्तीवर बोललो. मनापासून बोललो. वरच्या मजल्यावरचे लोकही थांबले. सेक्रेटरी कठड्याला टेकले, मग पायरीवर बसले. शेवटी म्हणाले, साहेब, आता मला गोळी घ्यायची असते.

परत आलो तर ग्लासात पाणी चहासारखं. धारेवर काळे खड्डे. मुलीनं पातं उजेडात धरलं आणि म्हणाली, बाबा, ही करवत झाली.

२० मार्च, बुधवार
मूठ शाबूत आहे. नोंद असावी.

२२ मार्च, शुक्रवार
बाबांशी बोलायला गेलो. ते हार्मोनियमच्या पेटीवर कोपर टेकून बसले होते. हनुवटीवरून हात फिरवत होते, सारखा, नकळत. म्हणाले, विद्यार्थ्यांना कळव, तब्येत बरी नाही म्हणून. मी म्हणालो, बाबा, पोलादाच्या इतिहासात असे प्रसंग... ते म्हणाले, बरं.

कळवायचं उद्यावर ढकललं. भाषण तयार आहे, ते वाया जाऊ देणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

२४ मार्च, रविवार. सकाळ
बाबा तयार! दाढी केलेली! गुळगुळीत. गालावर ओरखडासुद्धा नाही. दहा वर्षांनी लहान दिसताहेत.

चौकशी. दाढी हिनं केली. मुलीच्या कपाटातल्या गुलाबी, प्लास्टिकच्या, वापरून फेकायच्या रेझरनं. पाकिटातला कोरा होता, धुण्याउकळण्याचा प्रश्नच आला नाही, असं ही म्हणाली. मी बाबांना विचारलं, तुम्ही त्या खेळण्याला कसे तयार झालात? म्हणाले, ती एक अक्षर बोलली नाही.

तत्त्व म्हणून मी दाढी केली नाही. कुणीतरी ताठ राहायला हवं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
हॉल भरला होता. मी आणि बाबा दारातून आत गेलो. चष्मा लावलेल्या एक बाई, जुन्या विद्यार्थिनी, डोळ्यांत पाणी आणून पुढे आल्या. माझ्या पाया पडल्या. म्हणाल्या, सर, किती थकलात हो! मग बाबांकडे वळून म्हणाल्या, आणि हे तुमचे चिरंजीव ना? भाषण करणारे?

बाबा म्हणाले, हो. आज घसा बसलाय माझा.

सगळे हसले. बाई लाजल्या. गुच्छ योग्य हातात गेला. भाषणाला उभा राहिलो. पहिल्या रांगेत कुणीतरी माझी पांढरी दाढी बघून पुन्हा हसलं. बोललेलं विरतं, लिहिलेलं उरतं, इथपर्यंत गेलो. पुढचं आठवेना. बाबांनी खुर्चीतूनच गाणं सुरू केलं. सगळे विद्यार्थी उभे राहून गायला लागले. मी माइक खाली ठेवला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर हिच्याकडे रेझर मागितला. बाबांच्या दाढीला वापरलेलाच घेत होतो, तर हिनं हातावर चापट मारली. दुसऱ्याच्या दाढीचं हत्यार घेऊ नये, हे तुम्हीच ना जेवताना शिकवलंत? पाकिटातला कोरा दिला. गुलाबीच.

बाथरूममधला बल्ब गेलाय. गॅलरीत बसलो. आरसा बाबांनी धरला. हात थरथरत होता, त्यामुळे आरशात माझी हनुवटी एका जागी राहत नव्हती. दोन ठिकाणी कापलं.

मी काही बोललो नाही.