ड्रममधलं पाणी हललं नाही

उजनीच्या काठावरून, आईच्या घरी
ता. इंदापूर
शुक्रवार, १७ मे १९९६

प्रिय सोमनाथ,

दीड वर्षानं तुला 'प्रिय' लिहितोय. पाकिटावरचं अक्षर बघून तू कागद फाडशील, म्हणून हे पत्र पोस्टात टाकलं नाही. करुणा उद्या पहाटेच्या एस.टी.नं बारामतीला येईल, आणि तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तुझ्या दारातून हलणार नाही. माझ्यावर थुंकलास तरी वहिनीचा शब्द तू मोडायचा नाहीस, एवढं मी तुला ओळखतो. मी स्वतः आलो असतो, पण तुझं तोंड बघितल्यावर माझी वाचा बसली असती. अक्षर गिचमिड आलंय.

गेल्या महिन्यात पोलिसांनी तुझ्या होडीला लावायचो ते आपलं इंजिन हमीपत्रावर परत दिलं. मी ते इथं पडवीत आणून टाकलं आणि पाठ फिरवली. आईचा जीव घेतलेली वस्तू, तिच्याकडं बघवत नव्हतं. शेवटी करुणाच म्हणाली, विकायचं असलं तर विका, पण असंच ठेवलं तर पावसाळ्यापर्यंत जाम होऊन बसेल. म्हणून आज रजा काढून करुणाला घेऊन वालचंदनगरहून आलो. पाणी पार ओसरलंय. आपल्या उताराच्या जागेपासून अर्धा मैल नुसता भेगाळलेला चिखल, आणि तुझी होडी बाभळीखाली उपडी पडलीय. तिच्या सावलीत कुणाच्या तरी शेळ्या बसल्या होत्या.

इंजिनाबरोबर आलेलं ते इंग्रजी पुस्तक आठवतं का? हिवाळ्यात इंजिन कसं ठेवावं, यावरच चार पानं. ज्यांच्या मुलखात पाणी गोठतं त्यांच्यासाठी लिहिलेली. मी अर्थ लावून वाचून दाखवलं तेव्हा तू म्हणालास, आपला हिवाळा वैशाखात येतो, त्याला ते काय करणार. तरी दरवर्षी धरण आटून होडी थांबली की आपण पुस्तकाबरहुकूम सगळं करायचो. विहिरीच्या पाण्यानं ड्रम भरायचा, त्यात इंजिनाचा पंखा बुडवायचा आणि ते चालवून पोटातला गाळ धुवायचा. मग पेट्रोलचा कॉक बंद करून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं. प्लग काढून दोन चमचे ऑइल, दोरीचे चार सावकाश हिसके. शेवटी पंखा उतरवून दांड्याला ग्रीस. ड्रम धरून तू उभा, आणि पंख्यानं उसळलेल्या पाण्यानं दोघंही नखशिखांत भिजलेले. गुंडाळायला आई दरवर्षी एक जुनं लुगडं धुऊन द्यायची. प्लॅस्टिकात कोंडू नका, त्याला घाम येतो, म्हणायची. पुस्तकातही तेच लिहिलं होतं, आणि आई तर कधी शाळेत गेलेली नव्हती. त्या दिवशी चिलापी माशाचं कालवण ठरलेलं.

आता पिनेचं लिहितो. तुला नवीन काही नाही, पण मला ते माझ्या हातानं कागदावर आणायचंय. पंखा दांड्यावर नुसता ओवलेला असतो. त्याला दांड्याबरोबर फिरवते ती आडवी बसवलेली, काडीएवढी पितळी पिन. पाण्याखालचं बाभळीचं खोड लागलं की पिन तुटायची आणि इंजिन वाचायचं. म्हणून तू दोन पिना तंबाखूच्या डबीत कायम बाळगायचास. आई गेली त्या दिवाळीत पिना संपल्या. तू म्हणालास, मुंबईहून मागवू. मला ते लागलं. साखर कारखान्यांची धुडं जिथं बनतात तिथं मी लेथवर वीस वर्षं काढलेली, मला ही काडी बनवता येऊ नये? शॉपमध्ये पितळेचा तुकडा पडला होता, तो जरा बारीक होता. पिन भोकात सैल बसली. मला ते बोटाला कळलं होतं, सोमनाथ. मी हातोडीचा एक ठोका दिला आणि चालतंय म्हणालो. तू जोडीला आणखी एक मागितलीस, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, ही तुटली तर नाव बदलीन. बाबांनी धम्मदीक्षेनंतर हौसेनं ठेवलेलं नाव, आणि मी ते पितळेच्या काडीवर लावलं. तू हसलास आणि रिकामी डबी खिशात घातलीस.

पंधरा दिवसांनी ते झालं. आई करमाळ्याच्या बाजूला मावशीकडं गेली होती, ती तुझ्या होडीतून परत येत होती. तुझ्यासकट आठजण. मधोमध वारं सुटलं, होडी आडवी झाली, खोडावर आदळून कलंडली आणि तिघं पाण्यात पडले. दोघांना तू ओढून काढलंस. आईसाठी चार वेळा बुडी मारलीस, असं लोक नंतर सांगत होते. मी कामावरून धावत आलो तोवर तिला काठावर निजवलं होतं. तू ओल्या कपड्यांनिशी माझ्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "घोष्या, इंजिन पळत हुतं, पर होडी हालंना. पिन गेली असंल, बघ."

मी काय केलं ते तिथल्या सगळ्यांनी बघितलं. इंजिन लाकडी घोडीवर चढवलं, दोरी ओढली. पहिल्या हिसक्याला सुरू झालं, आणि पंखा हवेत भिंगरीसारखा फिरायला लागला. पोलीस जमादार शेजारीच होते. मी तुझी कॉलर धरून म्हणालो, "पंखा फिरतुया. खोट इंजिनात न्हाय, माणसात हाय." कंपनीचा मिस्त्री बोलला म्हटल्यावर कोण शंका घेणार? पंचनाम्यात तेच उतरलं, आणि हयगयीचा गुन्हा तुझ्यावर दाखल झाला. एक पाना आणि पाच मिनिटं लागली असती पंखा उतरवायला. कुणीही उतरवला नाही, आणि मी तर नाहीच नाही.

पुढचं तू भोगलंस. होडी बुडवणाऱ्याच्या हातात टेम्पोचं स्टिअरिंग कुणी देईना, म्हणून तू बारामतीच्या मार्केट यार्डात पोती उचलतोस, हे मला माहीत होतं. खोटं कशाला लिहू, मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. परवा करुणाला तुझ्या घरातल्या मेघनावहिनी एस.टी. स्टँडवर भेटल्या. सोमवारी इंदापूरच्या कोर्टात तू गुन्हा कबूल करून टाकणार आहेस असं त्या म्हणाल्या, आणि रडल्या. तू हल्ली म्हणतोस म्हणे, "माझाच हात चुकला असंल." करुणानं हे मला सांगितलं तेव्हा माझा जीव थंड झाला होता. आईला न्याय मिळाला असं वाटलं.

आज दुपारी मी एकट्यानं ड्रम भरला. कार्ब्युरेटर धुतला, नवं पेट्रोल घातलं, इंजिन ड्रमच्या काठावर आवळलं. भिजायला नको म्हणून शर्ट काढून खुंटीला अडकवला. आठव्या-नवव्या हिसक्याला इंजिन सुरू झालं. मी मागं सरकलो, पाणी उसळायची वाट बघत. इंजिन बोंबलत होतं आणि ड्रममधलं पाणी जागचं हललं नाही. धुराचे चार बुडबुडे तेवढे वर आले. मी कोरडाच उभा.

मग पंखा उतरवला. पिनेचे तीन तुकडे झालेले. एक दांड्याच्या भोकात, दोन पंख्याच्या खाचांत. सैल बसलेली पिन ठोके खाऊन खाऊन मधे चपटी झाली होती. कसलं खोड लागून नव्हे, माझ्या सैलपणानं ती तुटली. तुटलेल्या पिनेवरही पंखा हवेत नुसत्या घासण्यानं फिरतो, पाण्याचा भार आला की थांबतो. हे शॉपमधला शिकाऊ पोरगाही सांगेल. मलाही ठाऊक होतं. त्या दिवशी मला ते आठवायचं नव्हतं. आईला मी मारलं, हे वाक्य वर दोनदा लिहून खोडलंय. खोडलेलं तुला वाचता येईल.

तुकड्यांना मी हात लावला नाही. पोलीस पाटील रामहरीतात्यांना बोलावून दाखवलं, त्यांनी दोन साक्षीदारांसमोर कागद केला. हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही, ती मागायला मला तोंड नाही. एवढ्यासाठी लिहिलंय की सोमवारी तू गुन्हा कबूल करू नकोस. तुझा हात चुकला नव्हता. तू बरोबर सांगत होतास, आणि ज्यानं तुझं ऐकायला हवं होतं तो माणूस तुझी कॉलर धरून उभा होता. सरकारी साक्षीदार म्हणून पहिलं नाव माझंच आहे. पिन कुणी केली, ती सैल आहे हे कुणाला ठाऊक होतं आणि दुसरी कुणी दिली नाही, ते मी तिथं सांगणार आहे. मग माझं जे व्हायचं ते होऊ दे. आईचं लुगडं करुणानं सकाळीच धुऊन वाळत घातलं होतं. ते मी घडी करून परत पेटीत ठेवलंय. इंजिन गुंडाळलेलं नाही, तसंच उघडं कोर्टात आणतोय. तू फक्त ये, आणि विचारतील तेव्हा नाही म्हण.

तुझाच,
नाव बदलायचं राहिलेला
बुद्धघोष