जास्वंदीला चढलेलं रक्त

सन्माननीय व्याही बन्सीधरराव, मुक्काम जिंतूर, यांना राणीसावरगावहून तात्यारावाचा नमस्कार. (नमस्कार रागात केलाय, पण वाकून केलाय.) आपले गुडघे बरे असतील, म्हैस दुधावर असेल. विहीणबाई सुमनबाईंचा घसा ठणठणीत आहे हे मला ठाऊक आहे, कारण त्यांचा आवाज रोज दुपारी सुनेच्या मोबाईलातून आमच्या ओसरीपर्यंत येतो, आणि आजचं भांडण त्याचंच आहे.

आपली लेक, आमची सून मंजुषा, हिचा सहावा महिना सरत आला. सोमवारी गंगाखेडला तपासलं तर रक्त साडेसात. तिथल्या सिस्टर माझ्यावर अशा खेकसल्या, जणू उरलेलं मीच प्यालो. असंच राहिलं तर बाळंतपणात पोरीच्या जिवावर बेतेल, असं त्या म्हणाल्या, आणि आयुष्यभर वर्गात आवाज चढवलेला मी ‘हो सिस्टर, हो सिस्टर’ म्हणत राहिलो. घरी चौकशी केली. गावातली आशाताई छबूबाई गेले तीन महिने रक्तवाढीच्या लाल गोळ्या दारात आणून देते, त्या जवळजवळ सगळ्या पोटाऐवजी जास्वंदीच्या कुंडीत गेल्या होत्या. त्या जास्वंदीच्या फुलांवर मी सात कडवी रचली होती हो, आणि मंजुषालाच म्हणून दाखवली होती. पोरगी मान डोलवत होती.

कारण काय, तर आपल्या मंडळींचं शास्त्र. गोळीनं लेकरू पोटात मोठं होतं, मग पोट फाडावं लागतं, शिवाय लेकरू काळं निपजतं. व्याहीबुवा, आपण काळे, मी काळा, आपल्या सात पिढ्यांत कुणी गोळी खाल्ली होती? दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘लोह घ्या, सुदृढ राहा’ लिहिलंय, पण भिंतीला कान असतात, तोंड नसतं. विहीणबाईंना दोन्ही आहेत. आमच्या लहानपणी गुरुजी कविता चालीवर म्हणायचे, खिडकीबाहेर कापूस फुटलेला असायचा, अर्थ कळो न कळो, जन्मभर ओठांवर राहायची. (विषय सुटला. राग जरा निवला होता, परत पेटवतो.)

मी घरात आरडाओरडा केला. उपयोग शून्य. मग छबूबाई आली, माझ्याकडं न बघता चुलीजवळ बसली आणि गोळी कशासोबत घेतली होतीस एवढंच तिनं विचारलं. पहिले तीन दिवस घेतली होती, सकाळी उपाशीपोटी, चहासोबत. मळमळलं, आणि शी काळी झाली तशी पोरगी घाबरली.

“येडे, जेवल्यावर घे, चहा लांब ठिव,” छबूबाई म्हणाली. “काळं हुईल ते संडासात. पाळण्यात न्हाई.”

मंजुषा लय दिवसांनी हसली. पण गोळी हातात धरून म्हणाली, “आई हो म्हनली तर घेते.”

म्हणून बजावतो. सातव्यात माहेरी न्यायची रीत मला मान्य आहे, पण तिथं या गोळ्या बंद होणार असतील तर मी सून पाठवणार नाही. शुक्रवारी जीप आणलीत तर रिकामी न्यावी लागेल.

आपला संतप्त,
तात्याराव

ता. क. मंजुषाला हे पत्र वाचून दाखवलं. तिनं एका गोष्टीची आठवण करून दिली, ती लपवणं माझ्या पेशाला शोभत नाही. पहिल्या दिवशी छबूबाईनं गोळ्यांसोबत एक पत्रक दिलं होतं, आणि घरात शिकलेला मी, म्हणून वाचायला मला सांगितलं होतं. मळमळ, उलटी, काळी शी हा भाग मी उभा राहून, संदर्भासहित स्पष्टीकरण करत वाचला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाचन रंगलं असं समजून मी तिथंच थांबलो. ‘घाबरू नका, हे नेहमीचं आहे’ हा मजकूर मागच्या बाजूला होता. विहीणबाईंना तिनं त्यानंतर फोन लावला.

ता. क. दुसरा. जीप शुक्रवारी जरूर आणावी, पोरीनं पिशवी भरून ठेवलीय. विहीणबाईंना हे पत्र दाखवू नये. मात्र पत्र मिळताच त्यांनी शुक्रवारपर्यंत फोनवर, आणि मग समोर बसवून, रोज तिच्या जेवणानंतर ‘गोळी घेतली का’ एवढं विचारावं, ही हात जोडून विनंती. आईला ती खरं सांगते. मला ती नुसतं “हो मामा” म्हणते.