वहिनी बर्फावरून खाली आली

प्रिय दादा,

इराचा डान्स क्लास सुटायला अजून वेळ आहे. दुबईत ऊद मेथाला, नेहमीच्या बिल्डिंगखाली गाडीत बसलोय. बसलोय कसला! मघापासून पार्किंगमध्ये नुसत्या फेऱ्या मारतोय. शेवटी वॉचमननं विचारलं, "भाईसाब, कुछ गुम हो गया क्या?" काय सांगू त्याला?

आज आईला फोन करायचाय. वहिनी कराडला येणार नाही, हे तिला सांगायचंय. आईनं तिच्यासाठी मागची खोली रंगवून ठेवलीय, रे! सकाळपासून नंबर काढतो आणि बंद करतो. असं काही अवघड असलं की मी आधी तुला फोन करायचो आणि तू म्हणायचास, "खलास, झालं समज, मी बोलतो आईशी." आता मी कुणाला करू? म्हणून हे पत्र.

त्या हॉटेलला जाऊन आलो आम्ही. स्वित्झर्लंडला. तू वर्षभर आधी बुक करून ठेवलेलं, पाच जणांसाठी: तुम्ही दोघं, मी, शीतल आणि इरा. जुलैत तू गेलास आणि मी म्हटलं, कॅन्सल करू. शीतलही तेच म्हणाली. नवरा जाऊन सहा महिने होत नाहीत तोवर बाईला आल्प्समध्ये कुणी नेतं का? पण वहिनी जुलैपासून पहिल्यांदाच काही मागत होती. "भावजी, ते रद्द करू नका," एवढंच म्हणाली. मग कसं करणार?

तुला त्या हॉटेलचं वेड कुठून लागलं, ते मला ठाऊक आहे. मॉलमधल्या स्कीइंगच्या कृत्रिम बर्फाच्या उताराला आपण इन्सुलेशनचे पॅनल लावत होतो ना, तेव्हा तिथला तो म्हातारा स्विस सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत हेच बोलायचा. त्याच्या गावातलं हॉटेल, त्याचे आजोबा तिथे घोडागाडी हाकायचे, वगैरे. बाहेर शमाल वाऱ्याची धूळ उडतेय आणि तू डबा उघडून त्याच्या गोष्टी ऐकतोयस! मी ओरडायचो, "दादा, यल्ला, चल लवकर, पॅनल चढवायचेत!"

खरंच तसंच आहे ते. शंभराहून जास्त वर्षांचं. लाकडी फिरतं दार, लिफ्टमध्ये बसायला मखमली बाक, वाघाच्या पंजांवर उभा असलेला बाथटब. गालिचे इतके जाड की माझ्या चालण्याचा मलाच आवाज येईना, आणि त्यानंच मी जास्त अस्वस्थ झालो. जेवायला कोट सक्तीचा! माझ्याकडे कुठला कोट? वेटरनं आतून एक आणून दिला, बाह्या बोटांपर्यंत. इरा म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक अ पेंग्विन." आणि चहा! बिल आधी दिरहॅममध्ये केलं, मग रुपयांत केलं आणि शीतलनं दुसरा कप मागवलाच नाही.

वहिनी मात्र खिडकीशी बसून डोंगराकडे बघत होती. जेवली नाही. सूप ढवळलं आणि सोडलं. मी शीतलला म्हटलं, "बघितलंस? उगाच आणलं." परतल्यावर तिला कराडला पोचवायचं, हे मी आणि आपल्या सुनीताताईनं ठरवलंच होतं. तिकीटही काढलं होतं. मूलबाळ नाही, तू नाहीस, अल कुसैसच्या त्या फ्लॅटमध्ये एकटी बाई काय करणार? तूही हेच केलं असतंस ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीचं दार वाजवलं. उत्तर नाही. परत वाजवलं. मग खाली धावलो. रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून म्हणाली, मॅडम बाहेर गेल्या. कुठे? ते तिला माहीत नव्हतं. फोन खोलीतच ठेवून गेलेली!

दादा, माझ्या मनात काय काय आलं, ते तुला लिहवत नाही. रात्री ती जेवली नव्हती. सहा महिने रडलीही नव्हती. बाहेर सगळीकडे कडे, दऱ्या, आणि त्या हॉटेलमागे अर्धवट गोठलेलं तळं. मी आधी तळ्याकडेच पळालो. ऑफिसचे बूट घालून! दोनदा आपटलो. कोपर अजून दुखतंय. माझ्यामागून इरा, तिच्यामागून शीतल, आणि मी वेड्यासारखा ओरडतोय, "वहिनी! वहिनी!"

तेवढ्यात इरानं माझी बाही खेचली. "बाबा, लुक! दॅट्स काकू!"

"कुठे?"

"ऑन द स्लोप! रेड जॅकेट!"

उतारावरून कुणीतरी स्कीवर खाली येत होतं. वळणं घेत, गुडघे वाकवून, अगदी संथ. लहान पोरं तिच्या बाजूनं सुसाट जात होती, पण तिची लय मोडत नव्हती. आमच्यापुढे आली, दोन्ही पाय तिरके करून थांबली. काळा चष्मा वर केला. वहिनी! तुझी नीलिमा! हळदीकुंकवाला गेली तरी एका कोपऱ्यात बसणारी आपली वहिनी!

"भावजी, चहा झाला का तुमचा?" तिनं विचारलं.

मी मटकन बर्फातच बसलो.

काय रे दादा, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस! मॉलच्या उताराचा मेंटेनन्स आपल्या कंपनीकडे असताना तू सकाळी मॉल उघडण्याआधी तिला घेऊन जायचास, तिथल्या फिलिपिनो ट्रेनरबाईंनी तिला स्कीइंग शिकवलं, इतकी वर्षं हे चाललं होतं, आणि मी तुझ्या शेजारच्या टेबलावर बसून! तुला स्वतःला एकदाही धड उभं राहता आलं नाही म्हणे. तू खाली थांबून टाळ्या वाजवायचास. मी वहिनीला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "ते म्हणायचे, संजूला सांगू नकोस, तो हसेल."

मी हसलो असतो का, दादा? कदाचित थोडासा. पण मग बघायलाही आलो असतो की! हे तू बरं नाही केलंस.

त्या दिवशी दुपारी ती मला वर शिखरावर घेऊन गेली. रोपवेच्या काचेच्या पाळण्यात आम्ही दोघंच. खाली बघवत नव्हतं, आणि उठून जायलाही जागा नव्हती. तुला माझी सवय ठाऊक आहे, अवघड विषय निघाला की मी गाडीची किल्ली उचलतो. तिलाही ठाऊक असणार. म्हणून तिनं नेमकं तिथेच काढलं.

"माझं कराडचं तिकीट काढलंत म्हणे."

"सुनीताताई म्हणाली... म्हणजे आम्ही सगळ्यांनी..."

"मला विचारलंत?"

मी पाळण्याचं बंद दार चाचपलं.

"आईंचा राग नाही मला. पण कराडला मी काय करू? लग्नानंतर दोन वर्षं होते तिथे. बाकी सगळं आयुष्य दुबईत गेलं. भाजीवाला मलबारी माझा, शेजारची रत्नागिरीची रुखसाना माझी. मी आजारी पडले तर ती धावत येते. तिथे मला ओळखतं कोण? श्रीकांतची बायको, एवढंच."

"पण वहिनी, व्हिसा? एकटं राहणं?"

"कंपनीत घ्या मला. ह्यांच्या जागी. साइटवरच्या माणसांचे फोन इतकी वर्षं घरी कोण घेत होतं? कुणाचा पगार अडला, कुणाची बायको बाळंत झाली, ते ह्यांना कोण सांगत होतं?"

मग ती रडली, दादा. पाळणा वर पोचला, दार उघडलं, आम्ही उतरलोच नाही. तसेच परत खाली आलो. ती तुझं नाव घेऊन रडत होती, मोठ्यानं, आणि मी तिचा हातमोजा धरून बसलो होतो. मलाही तेव्हाच रडू फुटलं. खालच्या माणसानं आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता दार उघडून धरलं.

त्या रात्री ती पोटभर जेवली. वर भाजणीची डबी उघडून इराला म्हणाली, "उद्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरून थालीपीठ लावूया का?" इरा म्हणे, "काकू, दे विल अरेस्ट यू!"

परत येऊन आठवडा झाला. तिकीट रद्द केलं. भागीदारीचे कागद तयार झालेत. पण आईला...

थांब. तिचाच फोन येतोय!

झालं बोलणं.

मी सुरुवातच चुकवली. आधी हवा-पाणी, मग तिची शुगर, मग एकदम म्हणून टाकलं, "आई, वहिनी येत नाही."

"ती नाही म्हणाली, का तू?" आईनं विचारलं.

"ती."

"विचारलंस ना तिला? मग बरं झालं." आणि मग म्हणते कशी, "तुमचे बाबा गेले तेव्हा तुम्ही दोघांनी मला उचलून दुबईला नेलंत. मरीनाच्या त्या उंच बिल्डिंगीत. मी खिडकीशी बसून खालच्या बोटी बघायचे. मला कुणी विचारलं होतं का? भांडून परत आले तेव्हा कुठे श्वास घेतला."

दादा, आपण तिला सुखात ठेवतोय, असं वाटत होतं ना रे आपल्याला?

शेवटी म्हणाली, "नीलूला म्हणावं, मे महिन्यात माहेरपणाला ये. आंबे खा आणि परत जा." सासू असून माहेरपण म्हणाली!

इरा आता येईल. आवरतो. उद्या वहिनीचा ऑफिसातला पहिला दिवस. मी मेसेज केला होता, सकाळी न्यायला येतो म्हणून. तिचं उत्तर आलंय, "नको भावजी. माझी मी येते, मेट्रोनं."

तुला शब्द देतो, दादा. मी न्यायला जाणार नाही. कितीही जीव खालीवर झाला, तरी स्टेशनवर जाऊन उभा राहणार नाही, फोन करून "कुठपर्यंत आलात" असं विचारणार नाही. देरा भागातल्या आपल्या ऑफिसात माझ्या जागेवर बसून राहीन, आणि ती आली की उठून उभा राहीन. तू आत यायचास तेव्हा राहायचो, तसाच.

तुझा,
संजू