शिवणीचा ढोल

अहेरी तालुका,
१८ फेब्रुवारी २०२४

ती. लोकेशभाऊस,
रुखमाचा सा. न. वि. वि.

आठवडा झाला टॉवर बंद आहे, म्हणून हे पत्र मुखरूकाकांच्या हाती बसने पाठवते. तू दिलेलं कानाचं मशीन बाबाने चार दिवस लावलं. कोंबड्या ऐकू येतात म्हणे, पण लाकूड सगळंच सारखं वाजते. आता ते डब्यात आहे.

भाऊ, शेजारच्या दसरूच्या लग्नासाठी बाबाने केलेला ढोल हळदीच्याच दिवशी तडकला. शिवणीचं लाकूड पांढरट, हलकं, कोरायला मऊ. पुरतं वाळलं की फाटत नाही, हे तुला मी काय सांगू. ओलं राहिलं तर कातडं ताणल्यावर तडा जातो. आजवर बाबा बोटाने ठोकून, आवाजावरून ओळखायचा. या खेपेला त्याने मला विचारलं, वाळलं का वो पोरी. मले काय कळते? त्याचं तोंड बघून मी हो म्हटलं.

तडा सगळ्यांना ऐकू आला. बाबाला मात्र वाजवणारे थांबले तेव्हा समजलं. मला फार लाज वाटते.

माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझी रुखमा

चंद्रपूर,
२४ फेब्रुवारी २०२४

चि. रुखमास अ. आ.

रडूबाई, दोष तुझ्या एकटीचा नाही. दिवाळीला आलो तेव्हा बाबाने तोच ओंडका माझ्यापुढे ठेवला होता. मी ठोकला, कान लावला, काहीच उमगलं नाही. दिवसभर दुकानात प्लायवूड कापणारा मी. पण बाबाचा मुलगा ना, नाही कसं म्हणू? वाळलं म्हणालो. वाटलं, कापायच्या आधी तुला विचारेलच, आणि तुला कळत असेल.

सुट्टी मार्चअखेर मिळेल. तोवर तूच त्याला खरं सांग, माझंही.

तब्येतीला जप.
तुझा भाऊ, लोकेश

अहेरी तालुका,
३ मार्च २०२४

ती. भाऊस सा. न.

बाबाने ढोल कोरायचा आपला वाकस गावच्या सुताराला देऊन टाकला. रागावला नाही. म्हणतो, दोन्ही पोरांनी वाळलं सांगितलं म्हणजे लाकूड बराबर होतं, माहाच हात गेला. पुढच्या ढोलासाठी ठेवलेला दुसरा ओंडका चुलीसाठी फोडून ठेवला आहे.

त्याला काही सांगायचं तर कानाशी ओरडावं लागतं, अख्ख्या टोल्याला, घरोघरी ऐकू जाईल एवढं. काल दोनदा जवळ जाऊन बसले, तोंडही उघडलं. दोन्ही वेळा जेवायलाच बोलावलं.

तुझ्या मायेची,
रुखमा