गॅरेज वीस फुटांचंच हवं होतं

प्रिय कुमुद,

आज दुपारी समोरच्या प्लॉटवाले आले होते. तू गेल्यानंतर तो प्लॉट विकला गेला. घेणारं जोडपं पुण्याचं आहे, मुग्धा आणि तिचा नवरा. तो इथे नोएडातच कॉम्प्युटर कंपनीत आहे. हातात टेप आणि वही घेऊन दोघं दारात उभे. "काकू, आम्हाला दोन गाड्यांचं गॅरेज बांधायचंय. तुमचं बघितलं तर चालेल?"

मी दोन्ही शटर वर केली. मग तासभर मी जे बोलले ते सगळं तुझं होतं गं! उतार दाराकडे हवा, नाहीतर धुतलेलं पाणी घरात येतं. दिव्याचं बटण दोन्ही टोकांना हवं. चाक अडवायला मागे विटांची ओळ हवी. गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात जायला छोटं दार हवंच हवं. नवरा भराभर लिहून घेत होता. "तुम्ही सिव्हिल इंजिनीअर होता का?" त्यानं विचारलं. काय सांगणार? मी शाळेत गणित शिकवणारी बाई, आणि यातलं काहीच माझं नाही.

मग मुग्धानं रिकाम्या बाजूकडे बघून विचारलं, "इथे कुणाची गाडी असायची?" मी म्हटलं, "होती एक. गेली."

ते गेले आणि घर पुन्हा गप्प झालं. आठ महिन्यांत मी कुणाशी एवढं बोललेच नव्हते. आणि एवढं बोलूनही तुझं नाव घेतलं नाही. म्हणून हे पत्र.

आठवते तुला दिल्लीतली ती मयूर विहारची गच्ची? होस्टेलमधल्या दोन खाटांवरून आपण त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा केवढा मोठा वाटला होता तो! पुढे तुझ्या बाबांची फियाट नागपूरहून आली, मी कर्ज काढून मारुती घेतली, आणि सकाळचा छळ सुरू झाला. बाजारात रोज नव्या गाड्या येत होत्या, सोसायटीत उभं करायला जागा नव्हती. तुझी फियाट कुणाच्या तरी गाडीमागे अडकलेली असायची. तू खाली उभी राहून ओरडायचीस, "अरे भई, किसकी है ये?" तू रागावलीस की हिंदीत बोलायचीस.

आपल्या या नोएडाच्या प्लॉटचे कागद हातात आले त्या रविवारी तू माझ्या शाळेच्या खडूंची डबी घेतलीस आणि मला गच्चीवर ओढून नेलंस. खडूनं गॅरेज आखलंस, वीस फूट रुंद, वीस फूट लांब. आत दोन गाड्या, खऱ्या मापाच्या. "पाच आणि पाच दहा. मधे चार, दोन्ही भिंतींकडे तीन-तीन. झाले वीस." मला स्टुलावर बसवलंस. ती माझी मारुती!

"हं, आता दार उघड. पूर्ण उघड. आता भाजीची पिशवी घेऊन उतर."

मी खोट्या गाडीतून खरी पिशवी घेऊन उतरले. चार वेळा उतरवलंस! सेक्रेटरी खन्नासाहेब वर आले. "मैडम, ये हो क्या रहा है?"

"गाड़ी लगा रहे हैं, खन्नाजी. आप ज़रा लाइन से हटिए."

आणि ते हटलेसुद्धा! मी हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी होते.

त्याच महिन्यात दादाचं पत्र साताऱ्याहून आलं. तुला मी ते कधी दाखवलं नाही. 'परक्या बाईबरोबर घर बांधते आहेस. निदान जे वेगळं ठेवता येईल ते वेगळं ठेव. उद्या काही झालं तर?' मी पत्र फाडून टाकलं. पण आर्किटेक्टच्या ऑफिसात बसलो तेव्हा माझ्या तोंडून दादाच बोलला.

आर्किटेक्टला तुझं वीस फूट पटत नव्हतंच. "फ्रंट में सिर्फ़ शटर ही शटर दिखेगा, मैडम." मला संधी मिळाली. मी म्हटलं, सतरा पुरे, उरलेल्यात माझी ट्यूशनची खोली मोठी होईल. आणि मधे भिंत घालू. दोन शटर, दोन कुलपं. मजबूत होईल.

"काय मजबूत होईल, सुलभा?" तू विचारलंस.

"स्लॅब."

तू नकाशा पुढे ओढलास. मग पेन्सिलीनं वीस खोडलंस आणि वर सतरा लिहिलंस. "ठीक आहे. घाल भिंत."

का नाही भांडलीस गं? अख्ख्या सोसायटीशी भांडायचीस. त्या दिवशी हिंदीत दोन शब्द सुनावले असतेस तर मी लगेच माघार घेतली असती. नुसतं 'ठीक आहे' काय! परतताना गाडीत तू भोपळ्याच्या भावाबद्दल बोलत होतीस, आणि मला हायसं वाटलं होतं. आज त्याचीच लाज वाटते.

तरी ती पाच वर्षं चांगली गेली, नाही? रविवारी दोघी आपापली गाडी धुवायचो आणि भिंतीपलीकडून गप्पा मारायचो. फियाटचा आरसा फुटला म्हणून तू करोल बागेत गेलीस, आणि आरसा सोडून तीन साड्या घेऊन आलीस!

मग तो झटका आला. तुझा डावा हात, डावा पाय गेला. तुझी फियाट तिच्या बाजूला उभीच राहिली, आणि मी तुला मारुतीतून व्यायामाला नेऊ लागले. पहिल्या दिवशी परत आलो, गाडी आत घातली आणि तुझ्या बाजूचं दार उघडलं. ते भिंतीला टेकलं. वीतभरसुद्धा नीट उघडेना. तुला कुठून काढणार मी? पुन्हा गाडी मागे घेतली, रस्त्यावर आणली. मग रोज तसंच. जानेवारीचं धुकं, अंगावरून घसरणारी तुझी शाल, कोपऱ्यावर दुधाच्या रांगेतली माणसं वळून बघताहेत. कुणी आपल्याकडे बघितलेलं तुला कधी खपायचं नाही. आणि मी तुझ्या काखेत हात घालून तुला उचलते आहे.

एकदा तू माझ्या कानाशी म्हणालीस, "सुलभा, आता भाजीची पिशवी मीच झाले गं."

मी हसले. तुला आत बसवलं, चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याशी उभी राहून रडले. तुला ऐकू गेलं होतं का?

दुसरा झटका आला तेव्हा हॉस्पिटलच्या खिडकीवर त्यांनी विचारलं, "पेशेंट की आप कौन?" मी म्हटलं, "सहेली." तो माणूस काही वाईट नव्हता. त्याच्याकडे छापील फॉर्म होता. "घर का कोई बुलाइए," म्हणाला. अरविंद नागपूरहून दुसऱ्या दिवशी पोचला, त्यानं सही केली. आत एकालाच सोडायचे. तो तुझा सख्खा भाऊ, तो गेला. मी बाहेरच्या बाकावर. तिसऱ्या दिवशी दुपारी तो बाहेर येऊन माझ्यासमोर नुसता उभा राहिला, तेव्हा मला कळलं. कुमुद, एवढ्या वर्षांत आजारी पडल्यावर आपण एकमेकींना एकटं सोडलं नव्हतं. त्या दिवशी मी आत नव्हते. हे मला कसं विसरता येईल?

महिन्याभरानं अरविंद पुन्हा आला. "सुलभाताई, बाबांची गाडी नेऊ का?" फार संकोचून विचारलं त्यानं. मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि एक शब्द बोलले नाही. चहासुद्धा विचारला नाही. तुला हे आवडलं नसतं, माहीत आहे. रागवायला दुसरं कोणी नव्हतं ना माझ्याकडे!

परवा त्याचा फोन आला. तुझं वर्षश्राद्ध चार महिन्यांवर आलंय, तिकीट आत्ताच काढायला हवं, या, म्हणाला. मी शाळेच्या परीक्षांची थाप मारली.

त्यानं 'बरं' म्हटलं. मग म्हणाला, "ताई, चोवीस वर्षं ती तिकडे होती. दिवाळीला चार दिवस यायची, आईपाशी बसायची, की निघाली. आम्ही सगळे जमतो, तिचा फोटो समोर असतो, आणि कुणाला काही सांगताच येत नाही. माझ्या मुली विचारतात, आत्या कशी होती? तुम्ही आलात तर…" मी "बघते" म्हणून फोन ठेवला.

दोन दिवस मी तेच ऐकते आहे. मला वाटत होतं, त्या घरात तुझी एवढी माणसं आहेत, तिथे माझं काय काम?

मी जाणार आहे, कुमुद. उद्या शाळेतून परस्पर स्टेशनवर जाऊन तिकीट काढते. तुझ्या भाच्यांना सांगेन, की त्यांची आत्या चहात आलं किसून नाही, ठेचून घालायची. ऑफिसात साहेबांच्या चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठवायची. थंडीत रस्त्यावरच्या कुत्र्यांना स्वतःचे जुने स्वेटर घालायची. त्यांच्या आजीला सांगेन, की तुमची मुलगी मला एक दिवसही उपाशी झोपू देत नसे. ऐकायला त्यांच्याकडे अख्खी पंगत आहे, आणि सांगायला माझ्याकडे चोवीस वर्षं. मधेच रडू आलं तर पाणी पिईन आणि पुन्हा सांगायला लागेन. आणि सुरुवात तुझ्या नावानं करेन, मोठ्यानं.

हे माझं तुला वचन.

तुझीच,
सुलभा