भावजींच्या घरचा समुद्र

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. वजन वाढलंय, तेव्हा जेवतोस का म्हणून विचारू नकोस. पत्राचं कारण वेगळं आहे. गोदीतल्या कामावरून मला आता बोटीवरच पाठवतायत, इंजिनाच्या देखभालीला, वर्षभरासाठी. मार्चअखेर निघायचंय. आनंद आहेच, पण माझ्या काचेच्या टाकीतला समुद्र कुठे ठेवू? क्लाउन माशांचा केशरी जोडा आहे, बोटाएवढ्या तुकड्यांपासून वाढवलेली प्रवाळं आहेत. दुकानदार घ्यायला तयार आहे, पण तो सगळं सुटं सुटं विकणार. जोडा फुटलेला मला बघवणार नाही. तू सांभाळशील का?

माझी टाकी हलवण्यासारखी नाही, नवी मांडावी लागेल. गाळलेलं पाणी, त्यात समुद्री मीठ, खाली वाळू, वर खडक. खडकात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वसतात आणि माशांची घाण पचवतात. ते वाढावेत म्हणून थोडं माशांचं खाणं टाकून कुजू द्यायचं. चाचणीच्या थेंबांनी पाण्याचा नमुना हिरवा झाला तर घाण अजून पचलेली नाही, थांबायचं; पिवळा राहिला की घर तयार.

भावजींना आधी विचार. जन्मभर जलशुद्धीकरण केंद्रात पाणी सांभाळलेला माणूस, कुजवायचं म्हटल्यावर काय म्हणेल कोण जाणे.

त्यांना नमस्कार. माया आटू देऊ नकोस, नाहीतर मासे कुणाच्या गळ्यात घालू?

तुझा धाकटा


१ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

यांना विचारायची वेळच आली नाही. तुझं पत्र वाचलं आणि हे उठलेच. निवृत्त झाल्यापासून खुर्चीला चिकटून शेजाऱ्यांच्या नळांना नावं ठेवत होते. आता बैठकीतलं कपाट स्वयंपाकघरात आलंय आणि त्या जागी टाकी. भांडी घासताना माझं कोपर कपाटाला लागतं, ते सोड. मीठ कालवताना मला जवळ येऊ देत नाहीत. वाफ होऊन कमी झालेलं पाणी रोज सकाळी स्वतः भरतात. रिकाम्या टाकीपुढे आम्ही दोघं टक लावून बसलेलो पाहून शेजारीण काळजीत पडली.

काळजी मलाही आहे, पण वेगळी. इतके दिवस झाले तरी नमुना हिरवा तो हिरवाच. तुझी निघायची तारीख जवळ येतेय आणि इथे काही पुढे सरकत नाही. आणखी एक, टाकीजवळ गेलं की यांचे कामावरचे शर्ट धुताना यायचा तसला वास येतो. मला भास होतो म्हणतात.

वेळेवर जेव. विचारणार नव्हते, पण राहवलं नाही.

तुझी ताई


६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला भास होत नाही. तो वास क्लोरीनचा आहे, त्यानेच जिवाणू मरतायत. भावजींना गोडीत विचार, रोज सकाळच्या पाण्यात ते काय घालतात. मोठ्या माणसावर संशय घेतोय, लहान तोंडी मोठा घास झाला तर माफ कर.

सगळं पाणी काढून टाका आणि नवं भरा. माझ्या टाकीतला एक जुना खडक आणि फिल्टरचा स्पंज ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतोय. दोन्ही जिवाणूंनी भरलेले आहेत. धुऊ नका. ताई, हे तुला मुद्दाम लिहितोय.

लोभ धर, पण ब्रश धरू नकोस.

तुझा धाकटा


१२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

विचारलं. सरळ हो म्हणाले. उघडं पाणी आणि त्यात काहीच घालायचं नाही, हे त्यांच्या हाताला पटेना. रोज चिमूटभर ब्लीचिंग पावडर घालत होते, आणि वर म्हणतात, नियमातल्या प्रमाणाबाहेर एक कणही गेलेला नाही. मला हसू आवरेना. ते मात्र म्हणाले, पोराने विश्वासाने सोपवलेलं घर मीच रोज पाडत होतो. त्या दिवशी नीट जेवलेसुद्धा नाहीत. मला फार वाईट वाटलं रे.

मग सगळं पाणी काढून नवं भरलं आणि ट्रक आला. ओल्या गोणपाटातला तुझा खडक यांनी दोन्ही हातांवर, तान्हं मूल आणावं तसा घरात आणला. आता ब्लीचिंगचा डबा घराबाहेर गेलाय. मी फिनेलची बाटली उघडली तरी मोरीपर्यंत मागे येतात. मार्चअखेरीच्या आत होईल ना, हा एकच प्रश्न उठता-बसता चालू आहे.

तुझी ताई


२३ मार्च

चि. मेव्हण्यास अनेक आशीर्वाद.

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आजवर तुझी ताई लिहायची आणि मी फार तर कधी खाली सही करायचो.

चाचणी पिवळी आली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केली, मग तुझ्या ताईकडून करवून घेतली. पिवळीच. तू पाठवलेल्या खडकाच्या फटीत नखाएवढा एक किडा आहे. पिसांचा तुरा काढून बसतो आणि माझी सावली पडली की आत जातो. आमच्या वेळी नळातून असा किडा निघाला असता, तर मला कारणे दाखवा नोटीस आली असती. नोकरीभर मी एकच पाहिलं, की पाण्यात काही जिवंत राहता कामा नये. परवा तो किडा बाहेर आला तेव्हा मी तुझ्या ताईला अंघोळीवरून हाका मारून बोलावलं. मला इतका आनंद शेवटचा कधी झाला होता, आठवत नाही.

तेव्हा जोडा आणि प्रवाळं घेऊन निघ. चार दिवस राहण्याच्या बेताने ये, ताई वाट पाहते आहे. एक आधीच स्पष्ट सांगून ठेवतो. वर्षाने बोटीवरून उतरलास की मासे परत मिळणार नाहीत. त्यांना बघायचं असेल, तर तुलाच इथे राहायला यावं लागेल. बैठकीत तुझ्या खाटेपुरती जागा मी मोजून ठेवली आहे.

तुझे भावजी
(खाली ताईची सही)