खारीची भिंत

१२ मे १९४१, भातकुली

पडली! माह्या खोलीची पश्चिमेकडची भिंत— सारीच्या सारी. दुपारी वावधन सुटलं. आधी धूळ, मंग एकच धप्पकन आवाज. मी सैपाकघरात होती म्हणून वाचली. येऊन पाहते तं टेबल जागेवर, दौत जागेवर, अन् दौतीच्या मागं सरळ शेजारच्या सत्यभामाबाईची म्हैस. माह्याकडं पाहत रवंथ करून राहिली.

वारा तं निमित्त. भिंत आधीच मिठानं खाल्ली होती. इथल्या जमिनीत मीठ, विहिरीत मीठ, म्हणून भिंतीत मीठ. दर उन्हाळ्यात बुडाशी पांढरं फुटते, पापुद्रे निघतात. आपण झाडतो, अन् भिंत तेवढी बारीक होते. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. ते म्हणतात, कधीकाळी इथं समुद्र असला पाहिजे. मी समुद्र पाहिला नाई. पण त्यानं माही भिंत पाडली!

वरचं मातीचं धाबं खांबावर आहे, ते शाबूत. बाबा म्हणे, "मोठी गोष्ट."

१३ मे

टेबलासमोर पडदा म्हणून जुनं लुगडं बांधलं. लिहायले बसली. म्हशीनं लुगडं ओढलं.

१६ मे

दादा आला. अकोल्याले वकील आहे, अन् घरात बी वकीलच.

आल्या आल्या त्या भोकासमोर उभा राहिला, कमरेवर हात. "सरलं तुमचं भातकुली पुराण. बाबा, सामान बांधा. माह्याकडं चला. पक्क्या विटांचं घर आहे."

"दोन खोल्यात सात माणसं?" मी म्हटलं.

"तू काय कायमची राहून राहिली? बडनेऱ्याचा तो रेल्वेतला अजून हो म्हणते. क्वार्टर आहे त्याले. तुले भिंतच पाहिजे न? चार भेटतील!"

बाबा हसले. मले हसू आलं नाई. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली. या खोलीत रोज सकाळी मी दार लावून बसते अन् कोणी काई म्हणत नाई. इथंच मी ती गोष्ट लिहिली, जिच्यात एक बी माणूस नाई— नुसती वस्तूंची बोलाचाली. पुण्याच्या संपादकानं परत पाठवली. 'कथानक कुठे आहे?' न का असेना. दुसरी लिहून राहिली. बडनेऱ्याच्या क्वार्टरात कोण दार लावू देईल?

मी दादाले म्हटलं, पावसाच्या झडीच्या आधी भिंत मी उभी करते. पहिली झड तिनं काढली तं बडनेऱ्याचं नाव पुन्हा काढायचं नाई.

"अन् पडली तं?"

"तं मुकाट्यानं तुह्यामागं येते."

"पाहा बरं. बाबा, तुमी साक्षीदार."

बाबा चष्मा पुसत बसले. त्यांच्या मनात काय आहे, काई समजत नाई.

१८ मे

गावभर भिंती पाहत फिरली. आजवर मी माणसं पाहत फिरायची. भिंती जास्त बोलतात.

टिन— शेषराव पाटलाच्या गोठ्याले चारी बाजूनं टिन आहे. नवं होतं तवा सारं गाव पाहाले गेलं होतं. आज बोट लावलं तं बोट आरपार! मिठानं चाळणी केली. अन् लढाईपायी नवं टिन मिळतच नाई. मिळालं असतं तरी मे महिन्यात आत कोण बसलं असतं? माणसाचा पापड.

वीट— त्याच पाटलाचा ओटा. विटा इथल्याच मातीच्या. भाकरीचा पापुद्रा निघते तशा निघून राहिल्या.

चुना— फुगते अन् पडते.

परत आली, धाब्यावर चढली, बसली. अन् बुडाखाली पाहिलं! खारी. गावाखालच्या खाणीतली पांढरी खारी माती. दरसाल मृगाच्या आधी सारं गाव आणून धाब्यावर पसरते. पाणी लागलं की ती लोण्यासारखी गच्च बसते, खाली थेंब जाऊ देत नाई. मीठच— पण आपल्या बाजूनं लढणारं!

डोक्यावर आहे ते अंगावर काहून नाई?

१९ मे

नत्थुजी गवंड्याले बोलावलं.

"बाई, खारी धाब्याची. भिंतीवर राहात नाई. पाणी लागलं की उतरते."

"कुटार-भुसा कालवून लावली तं?"

"उतरते."

"पाहिलं का कधी लावून?"

"कोण लावते बाप्पा! माह्या बापानं नाई लावली, आज्यानं नाई लावली."

पुण्याच्या संपादकाचा सख्खा भाऊ!

२३ मे

काड्यांचा कूड उभा झाला. कापसाच्या पऱ्हाट्या सत्यभामाबाईनं देल्या, तिच्या जावयाच्या वावरातल्या. ती माळीण, भाजीवाली. वाफ्याले कुंपण घालून घालून तिचे हात असे चालतात की मी नुसती सुतळी देत बसली. आतून साध्या मातीचा लेप देला. नत्थुजी तेवढ्याले तयार झाला. खारीले हात लावणार नाई म्हणे.

२५ मे

खाणीवरून खारी आणली. टोपलं डोक्यावर. रस्त्यात सारे दारात उभे. "मास्तरची पोरगी पाहा! बी.ए. होऊन हेच शिकली!" कोणी तरी म्हणे, "पावडर लावाले नेत असंल."

तिसऱ्या खेपीले मान दुखली. चवथ्या खेपीले लोक दारातून आत गेले. पाहून पाहून कटाळले.

२७ मे

अंगणात खारी भिजवली, कुटार टाकलं. तुडवून तिचा गारा करायचा होता. मी लुगडं खोचून उतरली. जरा वेळानं पाहते तं पलीकडून बाबा, धोतर गुडघ्यावर, चष्मा खिशात. दोघं तुडवत राहिलो. एकदा घसरले, माह्या खांद्याले धरलं, पुन्हा तुडवणं सुरू.

सत्यभामाबाई कुंपणावरून— "मास्तर, गारा कराची बी परीक्षा असते का?"

"असते. मी काठावर पास आहे."

३० मे

लावली! सारी. हातानं. एका अंगाले माह्या बोटाच्या रेघा दिसतात, दुसऱ्या अंगाले बाबाच्या. पांढरीशुभ्र. एक घागर पाणी फेकून पाहिलं— उतरली नाई. नत्थुजी रस्त्यानं गेला, पाहिलं, खाकरला.

१ जून

चाटून राहिल्या!! सकाळी दार उघडून बाहेर आली तं भिंतीपाशी म्हैस, तिच्या बाजूले तीन शेळ्या. पंगतीले बसल्यासारख्या. अन् जिभा सपासपा. कमरेपर्यंत खारी साफ. पऱ्हाट्या उघड्या पडल्या, त्या शेळ्या खाऊन राहिल्या!

मी असं बोंबलली की सत्यभामाबाई हातातली वांगी घेऊनच धावत आली. पाहिलं. अन् जमिनीवर बसून हसत सुटली.

"काय वं सिंधूबाई! माह्या जनावराईले मिठाची भिंत करून देली!"

"बांधून ठेव न मंग तुही म्हैस!"

"बांधलीच होती वं. दावं तोडून आली. एवढं चांगलं जेवण तिच्या बापजन्मी नोतं भेटलं."

"हसू नको! माही वाट लागली."

"कोर्टात उभी करा तिले. दादा वकील हायेच."

म्हशीचं तोंड दिवसभर पांढरं. जशी नटून कोणाच्या लग्नाले चालली. माह्याच, अजून काय!

खोलीत येऊन रडली. थोडीच. मंग लिहिलं. पुण्याच्या संपादकाले कथानक पाहिजे होतं न? घ्या. म्हैस भिंत खाते.

२ जून

नत्थुजी मुद्दाम आला. "मी म्हटलं होतं."

"तुमी म्हटलं होतं उतरंल. उतरली कुठं? चाटली."

"एकच झालं."

"एक नाई! उतरली असती तं खारी चुकली. चाटली म्हंजे खारी बरोबर आहे. उघडी ठेवली, ते चुकलं."

तो माह्याकडं पाहत राहिला. मी बी स्वतःकडं पाहत राहिली— बोलून गेली तवाच समजलं. भिंतीले नेसवायले पाहिजे!

४ जून

नवी खारी लावली, पहिल्यापेक्षा जाड. रात्री-दिवसा आळीपाळीनं पहारा. बाबा काठी घेऊन खुर्चीवर, मांडीवर नकाशांचं पुस्तक.

६ जून

अमरावतीचा बाजार. सत्यभामाबाईच्या बैलांच्या दमणीत वांग्यांवर बसून गेली. बुरडाच्या आळीत बांबूचे तट्टे पाहिले. मेळघाटातला बांबू, घट्ट विणीचे. बुरडीण विचारे, "गाडीले लावता का, कणगीले?"

"घराले."

"साऱ्या घराले?"

"एका भिंतीले. तिले मार लागते."

तिनं मंग आतून काढून दुसरे देले, पाठीकडून विणलेले, अंगाले जाड. भाव कराले सत्यभामाबाई होतीच. मी बोलली असती तं बुरडिणीनं दुप्पट घेतले असते अन् वरून मीच आभार मानले असते.

येताना तट्टे दमणीवर, आमी दोघी मागं पायी. रस्त्यात कॉलेजातली सरोजिनी भेटली, नवऱ्यासंगं टांग्यात. टांगा थांबवला. "सिंधू! काय करतेस सध्या?"

"भिंत."

तिले वाटलं नव्या गोष्टीचं नाव आहे. छान आहे म्हणे.

९ जून

तट्टे लागले. अंबाडीच्या सुतळीनं कुडाले बांधले. भिंतीले चिकटवले नाई, मधात बोटभर जागा ठेवली, हवा खेळली पाहिजे. नत्थुजी न बोलावता आला अन् वरच्या बाजूले वळचण लांबवून देली. "एवढं केलंच हाये तं..." म्हणे.

संध्याकाळी म्हैस आली. तट्ट्याले जीभ लावली. फुस्स केलं अन् गेली!

१८ जून

एक सर येऊन गेली. काई नाई झालं. अजून झड बाकी आहे.

५ जुलै

लागली झड. कालपासून थांबली नाई. बारीक, तिरपी, पश्चिमेकडूनच.

६ जुलै

झड.

७ जुलै

झड. पेढी नदीले पूर आहे म्हणतात. गावात दोन भिंती बसल्या. मी लिहून राहिली— चांगलं लिहून राहिली! तट्ट्यावर पाणी सळसळते, अन् मी दर पानाले उठून भिंतीले हात लावते. कोरडी.

दुपारी बाबा आले. त्यांनी बी हात लावला. बराच वेळ काढला नाई.

"सिंधू, मले बी अकोल्याले जायचं नव्हतं."

"मंग तवा बोलले काहून नाई?"

"तू बोलत होतीच न."

९ जुलै

उघडीप. भिंत उभी! तट्टा एका कोपऱ्यातून वर करून पाहिला— खारी गच्च, माह्या बोटाच्या रेघा तशाच. सत्यभामाबाईले गूळ देला. म्हशीले बी देला. जिंकल्यावर राग ठेवू नाई.

१२ जुलै

सकाळी दारात स्टेशनावरची दमणी. दादा, रमावहिनी, तिन्ही पोट्टे, गाद्या, पाळणा, डबे— सारे चिंब.

"आमची भिंत पडली," दादा म्हणे.

"पक्क्या विटांची?"

बाबानं डोळे वटारले.

मागची भिंत गेली. मोर्णा नदीचं पाणी गल्लीत शिरलं होतं. घरमालक म्हणते दिवाळीनंतर पाहू. अन् अकोल्यात गवंडी मिळत नाई, साऱ्याईच्याच भिंती पडल्या.

दादा माह्या खोलीत गेला. तट्टा पाहिला, आतून बुक्की मारून पाहिली, दोनदा. मंग वकिलासारखा नाई, भावासारखा बोलला. "शब्द देला होता. बडनेऱ्याले नाई कळवून टाकतो."

जिंकली! मी जिंकली, अन् सारे सामान माह्या खोलीत ठेवून राहिले. काहून की साऱ्या घरात कोरडी तेवढीच एक आहे.

१७ जुलै

टेबल ओसरीत, त्याच्यावर गाद्या. जिथं माही खुर्ची होती तिथं पाळणा. वहिनी भिंतीले पाठ टेकून म्हणे, "किती गं उबदार! दिवाळीपर्यंत हलायलाच नको." वाईट नाई ती. खरंच म्हणते. म्हणूनच काई बोलता येत नाई.

पोट्ट्यांनी माह्या कागदांच्या होड्या केल्या. माणूस नसलेली गोष्ट अंगणातून वाहात पेढीकडं गेली.

सकाळी लिहायले म्हणून सत्यभामाबाईच्या गोठ्यात जाऊन बसली. म्हैस सरकली, जागा देली. पण शाईले जीभ लावते.

२० जुलै

उद्या अकोल्याले चालली. कोणी नेत नाई— मीच चालली, दादाची भिंत बांधाले. नवे तट्टे दमणीत बांधून झाले, खारीची पोती भरली, नत्थुजी संगं येतो म्हणे. दादा विचारते, "अकोल्यात लोक काय म्हणतील?" म्हटलं, भिंत कोरडी आहे म्हणतील. सत्यभामाबाई विचारे, "तिकडं म्हशी हायेत का वं?"

ती भिंत उभी राहिली की दादा तिच्या आत. अन् मी माहीच्या आत.